चौथी शेवटची गाडी

६ फेब्रुवारी, सोमवार

शेवटची म्हणजे शेवटची. मी नववीत शाळा सोडली, तरी एवढं मला कळतं. शेवटची एक असते. शेवटच्या पाच नसतात. पण गाड्यांच्या कंपनीत मोठी शिकलेली माणसं बसतात, त्यांना हे कोणी सांगायचं?

आज संध्याकाळी टीव्हीवर पाचवी आली. कंपनी बंद करतेय त्या कॅटमाउंट गाडीच्या निरोपाची खास आवृत्ती, क्रमांक पाच. हिरवी. बॉनेटवर काळे पट्टे, आत एक पितळी पट्टी आणि त्या पट्टीवर आकडा. पहिली आली ती जांभळी होती, तेव्हा माझा नवरा डुएन खुर्चीत बसून रडला. दुसरीला नुसतं नाक ओढलं. तिसरीला गप्प. चौथी आमच्या गॅरेजमध्ये उभी आहे. आज पाचवी बघून तो म्हणाला, हिरवी बरी दिसते. मी म्हटलं, बरी दिसते तर आपली नारिंगी परत देऊन ये. तो उठून गॅरेजमध्ये गेला.

आमच्या मिशिगनमध्ये पाहुणे असेच उठतात. मांडीवर थाप मारून ‘चला’ म्हणतात आणि बसून राहतात. मग दाराशी अर्धा तास. मग अंगणात. मग गाडीत बसून काच खाली करून पुन्हा पहिल्यापासून. माझी नणंद नाताळला अशी चार वेळा गेली. पण ती गेली तरी. या गाडीचं काही सांगता येत नाही.

जानेवारीत ती ट्रकवरून उतरली. ट्रक उभा होता तिथून गॅरेजच्या दारापर्यंत डुएनने चादरी अंथरल्या होत्या, का तर रस्त्यावर मीठ. बर्फ वितळावा म्हणून ते टाकतात आणि ते चाकांना लागलं की पत्रा गंजतो. हे मला माहीत आहे, मी इथेच जन्मले. पण चादरी माझ्या होत्या. फुलांच्या. तेव्हापासून ती गाडी आत, सीटवर कंपनीचं प्लास्टिक तसंच, वर मऊ कापडाची खोळ. आणि माझी गाडी बाहेर. मी पहाटे उठून शाळेच्या कँटीनमध्ये जाते आणि त्याआधी काचेवरचा बर्फ खरवडते. चौथ्या शेवटच्या गाडीला मात्र थंडी वाजायला नको.

गाडीबरोबर एक पेटी आली. टोपी, किल्लीला लावायचा चामड्याचा तुकडा आणि ही वही. जाड कागद, वर कॅटमाउंटचं, म्हणजे रानमांजराचं तोंड छापलेलं. पेटी उघडायची नाही, उघडली की किंमत उतरते, असं डुएन म्हणाला. मी उघडली. वही काढली, त्या जागी जुनं टीव्हीचं मासिक ठेवलं आणि चिकटपट्टी पुन्हा लावली. माझ्या चादरी गेल्या, त्याची वही गेली. आता यात लिहीन. नाहीतर कुणाच्या तरी डोक्यात पातेलं घालीन.

८ फेब्रुवारी, बुधवार

कँटीनमधली नवी पोरगी विचारत होती की नवरा त्या गाडीसाठी एवढा वेडा का. सांगितलं. आयुष्यभर तीच गाडी बनवली, म्हणून.

कारखान्यात डुएन डावा दरवाजा बसवायचा, त्याचा जोडीदार स्टॅश उजवा. गाडीचा सांगाडा दोघांच्या मधून सरकायचा आणि मधल्या पोकळीतून ते एकमेकांशी बोलायचे. एक वाक्य झालं की सांगाडा पुढे जायचा. पुढचा आला की पुढचं वाक्य. पोरं झाली, स्टॅशची आई गेली, माझं ऑपरेशन झालं, सगळं असं तुकड्यातुकड्यांनी. आता दोघं घरी बसलेत तरी बोलणं तसंच. एक जण एक वाक्य बोलतो. मग गप्प. मग दुसरा. मध्ये बसलेल्या माणसाला वेड लागायची पाळी.

सिकॅमोर रस्त्याच्या या टोकाला आम्ही, नदीकडच्या टोकाला स्टॅश आणि त्याची बायको मार्जी. स्टॅशची फुप्फुसं गेली आहेत. नाकात नळी, बाजूला ऑक्सिजनचं यंत्र. त्याने नारिंगी गाडी अजून पाहिलेलीच नाही. जानेवारीत डुएन त्याला म्हणाला होता, मीठ गेलं की तुला एक चक्कर मारून आणतो.

आमच्याकडे मीठ जातं एप्रिलात. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

डुएनने पेट्रोल पंपावरून बदामाच्या आकाराच्या लाल डब्यातली चॉकलेटं आणली. अर्धी त्यानेच खाल्ली.

जेवण झाल्यावर तो गॅरेजमध्ये गेला. बराच वेळ आला नाही म्हणून बघायला गेले. खोळ काढलेली, दिवा लावलेला आणि हा गाडीत बसलेला. स्टिअरिंगच्या बाजूला नाही. उजवीकडे. प्लास्टिकवर, मांडीवर हात ठेवून, डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्यासारखा. मला बघून उतरला. उतरताना त्याने दाराची चौकट धरली, एक पाय बाहेर टाकला, थांबला, पुन्हा आत घेतला आणि पुन्हा टाकला. मी म्हटलं, पाठ धरली का? तो म्हणाला, गाडी फार खाली आहे. मी म्हटलं, ती गेली पन्नास वर्षं तेवढीच खाली आहे, तूच बनवलीस.

मग त्याने उजवा दरवाजा लावला. उघडला. पुन्हा लावला. म्हणाला, “हा नीट बसलेला नाही. डावा बरोबर वाजतो, हा नाही.”

मला दोन्ही दरवाजे सारखेच वाजले.

मी म्हटलं, मग नीट कर. हत्यारं आहेत, हात आहेत. तो म्हणाला, उजवा माझा नाही.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

उद्यापासून ईस्टरच्या आधीच्या उपवासाचे चाळीस दिवस, म्हणून आज पॉन्चकी. आमच्या पोलिश लोकांत आजच्या दिवशी घरातलं सगळं तूप, साखर, अंडी या तळलेल्या गोळ्यांत संपवतात. बेकरीपुढे अंधारापासून रांग. मी रांग लावली नाही, माझ्या मी तळल्या. आत आलुबुखाराचा मुरांबा. घेऊन स्टॅशकडे गेलो दोघं.

रविवारी फादर येऊन त्याला तेल लावून गेले होते, आजाऱ्याला शेवटचं लावतात ते. पण हे आधीही दोनदा झालंय, एकदा थँक्सगिव्हिंगला आणि एकदा नाताळच्या आधी. दोन्ही वेळा स्टॅश दुसऱ्या दिवशी उठून अंडी मागत होता. मी विचारलं, कसा आहेस? स्टॅश म्हणाला, “ही माझी तिसरी निरोपाची आवृत्ती, रोंडा. रंग जरा उतरलाय. आकड्याची पट्टी तेवढी लावायची राहिली.”

मार्जीने त्याला फडकं फेकून मारलं, पण हसली. मीही हसले. डुएन हसला नाही, बोटांची साखर चाटत बसला.

स्टॅश बारीक झालाय. खांदे तेवढे तसेच आहेत, दरवाजे उचलून झालेले. यंत्राचा आवाज सारखा चालू असतो, मार्जी म्हणते आता तिला तो ऐकूच येत नाही, बंद पडला तर येईल.

मग दोघांचं नेहमीचं. स्टॅश म्हणाला, उजवा कसा वाजतो? डुएनने पॉन्चकी संपवली. मग म्हणाला, तूच ऐक की. मीठ जाऊ दे. मग स्टॅश गप्प. मग म्हणाला, हो, मीठ जाऊ दे.

मी म्हटलं, अरे, दहा मिनिटांचा रस्ता आहे, नंतर धुऊन टाका. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चर्चमध्ये शिवी दिली.

मार्जी मला दारापर्यंत सोडायला आली. दाराशी नेहमीसारखं अर्धा तास बोलणं झालं, पण तिच्या घरातल्या नळाबद्दल.

२५ फेब्रुवारी, शनिवार

डुएन बिघडलाय. बाहेर एवढा बर्फ आणि हा मागच्या अंगणातल्या शेगडीचा गॅस सिलिंडर उचलून गॅरेजमध्ये घेऊन गेला. खिडकीतून बघत होते. सिलिंडर घेऊन गाडीत उजवीकडे बसतो, पायाशी ठेवतो, उतरतो. मग सिलिंडर सीटच्या मागे ठेवून बसतो. मग पुन्हा पायाशी. टेप लावून दाराचं माप घेतलं. मग माझं स्वयंपाकघरातलं स्टूल नेलं, ज्याच्यावर चढून मी वरच्या फळीवरचे डबे काढते. ते दाराशी ठेवून त्यावर पाय देऊन आत बसून बघितलं.

संध्याकाळी मी विचारलं, उन्हाळ्यात कुठे बाहेर जाऊन मांस भाजायचा बेत आहे का, त्या सोन्याच्या गाडीतून शेगडी नेणार आहेस का? तो म्हणाला, बघतोय. मी म्हटलं, माझं स्टूल परत आण. आणलं नाही.

नवरा घरात बसायला लागला की असंच होतं, असं सगळ्या जणी सांगायच्या. मला वाटायचं त्या वाढवून सांगतात.

३ मार्च, शुक्रवार

शुक्रवारचा मासा. उपवासाच्या दिवसांत शुक्रवारी मांस नाही, म्हणून चर्चच्या तळघरात आम्ही दर आठवड्याला सगळ्या गावाला मासे तळून घालतो. माझ्याकडे कढई. मार्जी पूर्वी कोबीच्या कोशिंबिरीवर असायची, आता येत नाही. आज मात्र अर्धा तास आली, घरी नर्स होती म्हणून. कढईपाशी उभी राहिली. नर्स म्हणते लायलॅक फुलायच्या आत, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, कोण म्हणते, ती उंच की दुसरी? ती म्हणाली, उंच. उंच नर्सचं कधी चुकत नाही. मी तिला मासा बांधून दिला, तळाशी बटाटे जास्त घातले.

घरी येऊन डुएनला सांगितलं. लायलॅकची फुलं इथे मेमध्ये येतात, त्याआधी स्टॅश जाणार. पण लायलॅकच्या आत म्हणजे एप्रिलातही आत आणि मार्चातही आत. मी म्हटलं, उद्याच्या उद्या गाडी काढ.

तो जेवत होता. म्हणाला, आज दुपारीच मिठाची गाडी गेली, पांढरा रस्ता आहे.

मी म्हटलं, तुला तो पत्रा प्यारा आहे का स्टॅश?

त्याने उठून ताट धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ताट कुठे ठेवतात हे त्याला माहीत आहे हे मला आज कळलं.

मी उत्तर मिळालं असं धरते. पत्रा.

९ मार्च, गुरुवार

काल रात्रभर पाऊस. जोराचा. सकाळी रस्ता काळा आणि स्वच्छ. मी काही न बोलता गाडीच्या किल्ल्या त्याच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवल्या. त्याने पडदा बाजूला करून बाहेर बघितलं, खूप वेळ बघितलं. म्हणाला, एका पावसाने जात नाही, भेगांत राहतं. तरी बूट चढवून रस्त्यावर गेला, वाकला, बोट फिरवून जिभेला लावलं. सत्तर गाड्या जातात त्या रस्त्यावरून. मी खिडकीतून बघत होते, शेजारीणही तिच्या खिडकीतून बघत होती.

आत आला आणि म्हणाला, खारट आहे.

दुपारी पुन्हा बर्फ. संध्याकाळी मिठाची गाडी. तो खिडकीत उभा राहून तिच्याकडे बघत होता आणि मी शपथेवर सांगते, त्याचा चेहरा उतरला नव्हता. सुटल्यासारखा दिसत होता. परीक्षा पुढे ढकललेल्या पोरासारखा.

काय माणूस आहे.

१४ मार्च, मंगळवार

आज मी एकटीच स्टॅशकडे गेले. खरं तर भांडायला गेले होते. मार्जीला म्हटलं, तू औषधं घेऊन ये, मी बसते.

तो पलंगावर उशांना टेकून. बोलताना मध्ये श्वास घ्यायला थांबतो. त्याच्या पलंगाशी एक लहान सिलिंडर उभा असतो, वीज गेली तर यंत्राऐवजी. आमच्या शेगडीच्या सिलिंडरपेक्षा सडपातळ, पण उंची साधारण तीच. मी त्याच्याकडे जरा बघत बसले.

मग म्हटलं, हे बघ, तो माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. त्याला सांग की तुला आत्ता जायचंय. मीठ गेलं खड्ड्यात.

स्टॅश म्हणाला, नव्या गाडीला मीठ लावायचं नसतं. मी म्हटलं, तू मरतोयस आणि तुला पत्र्याची पडलीय? असं तोंडावर बोलू नये म्हणतात. पण स्टॅशला आवडतं, बाकी सगळे त्याच्याशी आजारी मांजराशी बोलावं तसं बोलतात.

तो हसला, मग खोकला, मग बराच वेळ गेला. मग म्हणाला, “तो म्हणाला मीठ गेलं की जाऊ. म्हणजे त्याने धरलंय की मीठ जाईपर्यंत मी आहे. मी आत्ताच चल म्हटलं, तर मी तोवर नसेन असं सांगितल्यासारखं होईल. मी कशाला त्याला खोटं पाडू?”

मी म्हटलं, मग त्याने विचारायचं. स्टॅश म्हणाला, त्याने आत्ता विचारलं तर त्याने सांगितल्यासारखं होईल.

हे दोघं आयुष्यभर एका पोकळीच्या दोन बाजूंना उभे राहिले, त्याचा हा परिणाम. सरळ बोलणं येत नाही. मी त्याला सांगितलं, तुम्ही दोघंही मूर्ख आहात. तो म्हणाला, हे त्याला सांगू नकोस, त्याला वाटतं तो एकटाच आहे.

मग मी विचारलं, जायचंय की नाही ते सांग, मला. त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, “एकदा उजव्या बाजूने बसून बघायचंय, रोंडा. इतके दरवाजे लावले, आत कधी बसलो नाही. आम्हाला कुठे परवडत होती.”

मार्जी आली तेव्हा मी त्यांचा फ्रिज पुसत होते. पुसायची गरज नव्हती.

१६ मार्च, गुरुवार

मीठ गेलं पाहिजे, तर मीठ घालवायचं. यात एवढा विचार करण्यासारखं काय आहे?

शाळा सुटल्यावर कँटीनचा अंगरखा न काढताच नॉर्बच्या कचेरीत गेले. नॉर्ब गावाच्या रस्त्यांचा मुख्य. माझ्या वर्गात होता आणि माझ्याआधी नापास झाला. आता त्याच्या हाताखाली बर्फाच्या चार गाड्या आहेत. मी म्हटलं, सिकॅमोर रस्ता धुऊन दे, या टोकापासून नदीपर्यंत.

नॉर्ब म्हणाला, बाई, मार्च आहे, पाणी टाकलं तर बर्फाची घसरगुंडी होईल. माणूस पडला तर माझी नोकरी जाईल. रस्ते झाडायचं काम एप्रिलच्या शेवटी. शिवाय गावाचा पाण्याचा टँकर खासगी कामाला देता येत नाही, असं सभेत ठरलंय. हे सगळं त्याने खुर्चीत मागे रेलून सांगितलं.

मी म्हटलं, पुढच्या शनिवारी ऊन आहे, रात्रीही गोठणार नाही, टीव्हीवर सांगितलंय. तो म्हणाला, टीव्हीवर काहीही सांगतात.

मग मी त्याला स्टॅशचं सांगितलं. आणि नारिंगी गाडीचं. सांगत असताना नॉर्बची खुर्ची हळूहळू सरळ झाली. नॉर्बच्या कोठारात स्वतःची कॅटमाउंट आहे, जुनी, त्याच्या बापाची. ती तो मेच्या आत बाहेर काढत नाही. मीठ टाकणारा हाच आणि मिठाला भिणाराही हाच. त्याने विचारलं, चौथी आवृत्ती म्हणजे ती गडद नारिंगी का? मी हो म्हटलं. तिला अजून मीठ लागलेलं नाही? अजिबात? मी चादरींचं सांगितलं.

तो टोपी काढून डोकं खाजवत बसला. म्हणाला, डुएनचं बरोबर आहे, मीठ असताना काढायची नाही. मी म्हटलं, तू कुणाच्या बाजूने आहेस? तो म्हणाला, बाजू नाही, तसंच असतं.

मग म्हणाला, आगीचे नळ. दर वसंतात रस्त्याकडेचे आगीचे नळ उघडून गंजलं पाणी वाहू द्यावं लागतं. धो धो वाहतं, अर्धा तास, आणि रस्ता धुऊन निघतो. दरवर्षी ते काम शाळेपासून सुरू होतं आणि सिकॅमोरला संपतं. यंदा सिकॅमोरपासून सुरू केलं तर कुणाला विचारायला नको. पण पाणी साचून उरलं तर काढायला माणसं लागतील आणि कडेचं झाडून घ्यावं लागेल. झाडू तुमचे.

मी म्हटलं, झाडू आमचे. तो म्हणाला, आणि मला बघायला बोलवा.

१८ मार्च, शनिवार

सहावी जाहीर झाली. पांढरी. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, ही खरोखरची शेवटची. मागच्या वेळीही असंच म्हणाला होता, फक्त ‘खरोखरची’ एकदा कमी म्हणाला होता.

डुएनने बघितलंच नाही. गॅरेजमध्ये होता.

मी झाडू गोळा करतेय. शेजारीण दोन देणार. तिला वाटलं होतं डुएनचं डोकं फिरलंय, रस्ता चाटताना बघून. आता माझंही फिरलंय असं वाटतं तिला. पण झाडू देणार. तिच्या नवऱ्याने त्याच कारखान्यात काचा बसवल्या.

२० मार्च, सोमवार

उंच नर्स आता रोज येते.

२२ मार्च, बुधवार

नॉर्बचा फोन आला, शनिवार पक्का. मार्जीला सांगितलं. फोनवर तिच्या मागे यंत्र ऐकू येत होतं. मग म्हणाली, कोणता कोट घालू त्याला? मी म्हटलं, चांगला घाल.

मग गॅरेजमध्ये गेले, डुएनला सांगायला. तो नव्हता, हत्यारांच्या दुकानात गेला होता. खोळ काढलेली होती. मी वाकून आत बघितलं. सीटवरचं प्लास्टिक अजून आहे, मागच्या सीटवर आहे, स्टिअरिंगच्या बाजूला आहे. उजव्या सीटवर नाही. काढलंय, घडी घालून फळीवर ठेवलंय. सीटच्या मागे गाडीच्या तळाला पट्टा बसवलाय, बकल लावून, गोल, सिलिंडर हलू नये असा. शेगडीचा सिलिंडर त्यात बसत नाही. मी लावून बघितला, तो जाड आहे. त्याहून सडपातळ असा एखादा बसेल. माझं स्टूल दाराशी, त्याला खाली रबर ठोकलंय घसरू नये म्हणून. आणि नव्याकोऱ्या गाडीत, ज्या गाडीची पेटीसुद्धा उघडायची नाही, त्या गाडीत त्याने भोकं पाडली आहेत. चार. पट्ट्यासाठी.

मी स्टूलवर जरा बसले. 

डुएन आला. मी पेटीतली वही काढली हे मी त्याला सांगणार नव्हते, पण तोंडातून निघून गेलं. तो म्हणाला, माहीत आहे, मासिकाचं वजन जास्त आहे. मग मी त्याला सगळं सांगितलं, नॉर्ब, नळ, झाडू, शनिवार. तो उजवा दरवाजा धरून उभा होता. आधी म्हणाला, कडेच्या भेगांत राहतंच. मी म्हटलं, मी झाडणार आहे, शेजारीण झाडणार आहे, नॉर्ब स्वतः झाडणार आहे. मग म्हणाला, पाण्याचे शिंतोडे खाली उडतात. मी म्हटलं, दुपारपर्यंत रस्ता वाळेल.  तो जिथे उभा होता तिथेच राहिला आणि दरवाजा थोडा उघडला, थोडा लावला.

म्हणाला, “आणि मग? मीठ गेल्यावर?”

मी म्हटलं, मग काय, मग मीठ गेलेलं असेल. मला त्याचा प्रश्न कळला नाही. किंवा त्या वेळी माझ्याकडे वेळ नव्हता.

मग मी त्याला सांगितलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मी असं बोललेच नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. शनिवारी दुपारी मार्जी स्टॅशला चांगला कोट घालून दाराशी बसवणार आहे. ही गाडी त्या दाराशी जाणार आहे. त्याला उजवीकडे बसवायचं, नदीपासून आपल्या दारापर्यंत यायचं आणि परत न्यायचं. दरवाजा तो स्वतः लावेल आणि कसा वाजतो ते तुला सांगेल. एवढं ठरलंय, यात आता बदल नाही. डावीकडे स्टिअरिंगला कोण बसणार एवढंच राहिलंय. गिअरची गाडी मला येत नाही हे तुला माहीत आहे. तरी मी ती काढीन, हेही तुला माहीत आहे. शुक्रवारी मी मासे तळायला निघते त्याआधी मला सांग, डुएन. तू की मी.